कॉलर्ड ग्रीन्स: आंबट कधी घालायचं, आणि शाकाहारी पॉटलिकरला जीव कुठून आणायचा?

साळुंकी (शार्लट)

अमेरिकेच्या दक्षिणेत कॉलर्डची जुडी कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. पंख्याएवढी पानं, निळसर हिरवा रंग, वर मेणाचा पातळ थर. ही पानं धुरावलेल्या मांसाच्या पाण्यात तास-दोन तास मंद शिजवतात आणि भाजीइतकंच तिच्या रसालाही महत्त्व देतात. त्या रसाला पॉटलिकर म्हणतात. कृष्णवर्णीय घरांत आणि चर्चच्या जेवणांत ही भाजी ताटातली मानाची गोष्ट आहे, त्यामुळे ती नीट यावी असं मनापासून वाटतं.

माझे प्रश्न दोन:

१. दीड तास शिजवूनही पान चिवट का राहतं? धुरावलेली टर्की, पाणी, कांदा, लसूण, एक टोमॅटो, पाव वाटी व्हिनेगर, सगळं एकदम चढवलं होतं.

२. नवीन वर्षाच्या पॉटलकला (सगळे एकेक पदार्थ आणतात ते जेवण) निम्मे लोक शाकाहारी आहेत. मांसाशिवाय केलेला रस गरम पाण्यासारखा लागतो. त्याला अंग कसं आणायचं?

---

खलबत्ता

पहिल्याचं उत्तर तुमच्याच यादीत आहे. टोमॅटो आणि पाव वाटी व्हिनेगर सुरुवातीलाच. आंबट पाण्यात पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन लवकर विरघळत नाही, म्हणून पान मऊ होत नाही. तूरडाळ शिजायच्या आधी चिंच घातली की ती कच्चट राहते ना, तसंच. दीड तास काय, तीन तास ठेवलंत तरी देठाजवळचा भाग दोरीसारखाच लागणार.

व्हिनेगर गॅस बंद करायच्या ५ मिनिटं आधी. ३ जुड्यांना १ टेबलस्पून पुरतं, बाकीचं ज्याचं त्यानं ताटात घ्यावं.

---

पितळी पातेलं

+१. आपल्याकडे हा गोंधळ अळूमुळे होतो. फदफद्यात चिंच हवीच, नाहीतर घसा खाजतो, त्यामुळे पालेभाजीबरोबर आंबट घालायची हाताला सवय लागलेली असते. अळूत खाज आणणारे ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कॉलर्ड कोबीच्या कुळातला, तिथे खाजेचा प्रश्नच नाही.

---

निखारा (अटलांटा)

सगळा क्रम लिहिते. ३ जुड्या, म्हणजे साधारण सव्वा किलो पानं. देठ काढल्यावर पाऊण ते एक किलो उरतात. शिजून आळल्यावर ६ ते ८ जणांना पुरतात. कच्चा ढीग बघून घाबरू नका.

आधी पाणी, मग पान. १ धुरावलेला हॅम हॉक (डुकराच्या पायाचा सांधा, अंदाजे ४५० ग्रॅम), अडीच लिटर पाणी, १ कांदा अर्धा चिरून, ४ लसूण पाकळ्या, अर्धा चमचा लाल मिरचीचे फ्लेक्स. मीठ नाही. दीड ते दोन तास मंद आंचेवर. हॉकच्या कातडीत सुरी सहज गेली पाहिजे. पाणी आटून पावणेदोन लिटरच्या आसपास येतं. आता चव घ्या आणि मग मिठाचं ठरवा. एक हॉक नुसता खारट असतो, दुसरा अगदी सौम्य. आधी मीठ घालून बसलात की सुटका नाही.

पानं टाकायच्या आधीच हा रस वाटीत घेऊन प्यावासा वाटला पाहिजे. पचपचीत पाण्यात पान कितीही शिजवा, पानातून चव येत नाही.

मग पानं, टप्प्याटप्प्यानं. एक ओंजळभर टाका, दोन मिनिटांत पाला खाली बसतो, मग पुढची. सगळी मावली की झाकण किंचित कललेलं ठेवा. आंच अशी, की पातेल्याच्या कडेला अधूनमधून एखाद-दुसरा बुडबुडा फुटावा आणि मधला भाग नुसता हलावा. खदाखदा उकळलं तर पानं फाटतात आणि चरबी रसात घुसळली जाऊन रस गढूळ होतो.

४५ मिनिटांनी पहिला तुकडा चाखा, पुढे दर १० मिनिटांनी. हिवाळ्यातली पानं तासाभरात होतात, उन्हाळ्यातली जून पानं दीड तास घेतात. तुकडा जिभेनं टाळूवर दाबला की विरघळावा, पण डावात उचलला तर त्याचा आकार दिसावा. तो क्षण आला की थांबायचं.

शेवटी हॉक काढून मांस सोडवा, बारीक करून परत घाला. १ टेबलस्पून सायडर व्हिनेगर, लागलीच तर १ छोटा चमचा साखर.

---

शेवगा (पुणे)

देठ पूर्ण काढायचे का? टाकवत नाहीत.

---

निखारा (अटलांटा)

@शेवगा, पान उलटं धरून शिरेवर दुमडा. डाव्या हातात देठ, उजव्या हाताच्या दोन बोटांत पान, आणि वर ओढा. कोवळ्या टोकाकडे शीर आपोआप तुटते. जिथे तुटते तिथून पुढचं सगळं खाण्यासारखं, मागचं चिवट. मग ६-७ पानं एकावर एक ठेवून अळूवडीसारखी घट्ट गुंडाळी करा आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. याहून बारीक नको, तासभरात लगदा होतो.

देठ वापरायचेच तर अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करून पानांच्या १५ मिनिटं आधी पातेल्यात.

---

आंबटचुका

धुण्याबद्दल कुणीच बोललं नाही! कॉलर्डच्या शिरांच्या खाचांत रेव बसते आणि पानामागे मावा लपतो. सिंक किंवा घंगाळ भरून घ्या, पहिल्या पाण्यात मूठभर मीठ, १० मिनिटं बुडवून ठेवा. मीठ माव्याला सोडवतं. मग पानं वर उचलून दुसऱ्या भांड्यात घ्या. चाळणीत पाण्यासकट ओतलीत तर तळाला बसलेली रेव परत पानांवर येते. अशी तीन पाणी. शेवटच्या पाण्यात तळाशी बोट फिरवा, कचकच लागली तर चौथं.

पिशवीतली 'धुतलेली, चिरलेली' पानंही एकदा धुवाच. त्यांत देठाचे तुकडे फार असतात, ते वेचून काढा.

---

झरोका (टोरोंटो)

इतका वेळ शिजवून जीवनसत्त्वांचं वाटोळं होतं असं वाटत नाही का? कोबीवर्गातली भाजी जितकी शिजते तितका गंधकाचा वास वाढतो. ब्राझीलमध्ये हेच पान केसासारखं बारीक कापून लसणीबरोबर ३ मिनिटं परततात, हिरवंगार राहतं. काश्मिरी हाकही झटपट होतो. मग दोन तासांचा हट्ट कशाला?

---

खलबत्ता

@झरोका, मुद्दा योग्य आहे, पण ती वेगळी भाजी आहे. तीन मिनिटांत होणारं पान केसासारखं कापावंच लागतं, कारण चिवटपणा सुरीनं मोडायचा असतो. इथे तो वेळेनं मोडायचा आहे.

जीवनसत्त्वांचं म्हणाल तर 'क' उष्णतेनं कमी होतं हे खरं. पण पाण्यात उतरणारं बरंचसं सत्त्व पॉटलिकरमध्ये असतं आणि ते पाणी इथे फेकत नाहीत, पितात. गंधकाचा वास पहिल्या अर्ध्या तासात जास्त जाणवतो, झाकण कललेलं ठेवायचं तेही त्यासाठीच. रंग ऑलिव्हसारखा होणारच. हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं, पान बिघडलेलं नसतं.

---

रानमेवा

चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर रंगही राहतो आणि लवकरही शिजतं. काही जुन्या पाककृतींत असतो.

---

पितळी पातेलं

@रानमेवा, असतो, पण नको. चिमटीचा अंदाज जरा चुकला की पान बुळबुळीत होतं, रसाला साबणासारखी चव येते आणि ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. आंबट पान कडक ठेवतं आणि सोडा त्याला पार ढासळवतो. दोन्ही टोकं टाळायची.

पाणी फार क्षारयुक्त असेल तरी पान उशिरा मऊ होतं, कॅल्शियम पेक्टिनला घट्ट करतं. बोअरचं पाणी असेल तर गाळलेलं वापरून बघा.

---

दगडफूल (श्रीनगरहून पुण्यात)

हाकचा उल्लेख झाला म्हणून. हाक आणि कॉलर्ड अगदी जवळचे नातेवाईक, दोन्ही गड्डा न धरणारे. मोहरीचं तेल तापवून पाणी, हिंग, अख्ख्या सुक्या मिरच्या आणि पानं, भांडं उघडं, १५-२० मिनिटं. पण पानं कोवळी आणि बहुधा अख्खी. महत्त्वाचं हे की हाकलाही भरपूर रस ठेवतात आणि तो भातावर घेतात. रस फेकायचा नाही ही समज दोन्हीकडे आहे.

---

शेवगा (पुणे)

पुण्यात कॉलर्ड मिळत नाही, बदली काय? पालक?

---

दगडफूल (श्रीनगरहून पुण्यात)

पालक अजिबात नको, १० मिनिटांत चिखल. नवलकोलाचा पाला घ्या. नवलकोल, कोबी, फुलकोबी, कॉलर्ड, सगळी एकाच जातीची रूपं आहेत. भाजीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलंत तर तो पाला न छाटता आणतो. फुलकोबीची बाहेरची पानंही चालतात, शिरा तेवढ्या काढा. नवलकोलाचा पाला ३५-४० मिनिटांत होतो.

---

मांडवीकाठ (पणजी)

गोव्यात पोर्तुगिजांमुळे काल्दो व्हेर्द हे बटाटा आणि पाल्याचं सूप आलं. पोर्तुगालात ते याच कुळातल्या कोवी पानांचं करतात, आपल्याकडे पुष्कळ घरांत पालकाचं होतं. तिथेही पान सुतासारखं कापून शेवटी टाकायचं, म्हणजे झरोका यांच्या बाजूचं. पण बटाट्यामुळे त्या रसाला अंग असतं. साळुंकीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचा धागा इथे सापडेल का? रसाला काहीतरी पिठूळ हवं.

---

निखारा (अटलांटा)

मांडवीकाठ, नेमकं बोललात. मांसाच्या रसाला अंग येतं ते जिलेटिनमुळे. हॉकची कातडी आणि सांधे शिजून ते उतरतं. रस फ्रिजमध्ये थरथरता जमला तर हॉक नीट शिजला असं समजा. टर्कीच्या पंखात ते थोडं असतं, पण चरबी कमी, म्हणून टर्की वापरताना २ टेबलस्पून तेल घालावं लागतं. हलाल हवं असेल किंवा डुक्कर चालत नसेल तिथे टर्कीच वापरतात. टर्कीची हाडं टोकदार फुटतात, भाजी वाढण्याआधी एकेक मोजून काढा.

शाकाहारीत जिलेटिन नाही, धूर नाही, चरबी नाही. तिन्हींची सोय वेगवेगळी लावायची. नुसता लिक्विड स्मोक (धुराच्या चवीचा बाटलीतला अर्क) ओतून भागत नाही, रस औषधासारखा लागतो.

---

आंबटचुका

अंगासाठी चवळीचं पाणी. दक्षिणेत नवीन वर्षाला चवळी-भात आणि कॉलर्ड एकत्रच असतात. पान म्हणजे नोटा, चवळी म्हणजे नाणी, मक्याचा ब्रेड म्हणजे सोनं, असं मानतात. तर चवळी शिजतेच आहे, तिचं पाणी का टाकायचं? १ वाटी चवळी ६ वाट्या पाण्यात बिनमिठाची, उघड्या भांड्यात मऊ होईतो शिजवा. उरलेलं राखाडी, किंचित दाट पाणी गाळून घ्या. २ लिटर रसात हे अर्धा लिटर घातलं की जिभेवर रेंगाळणारा दाटपणा येतो. उसळीच्या कटासारखंच.

---

पितळी पातेलं

वा! आणि धुरासाठी आपली धुंगार. पण ती शेवटी द्यायची नाही. धुराचा वास तेलात टिकतो, पाण्यात फारसा नाही. म्हणून असं:

जाड बुडाच्या पातेल्यात ४ टेबलस्पून शेंगदाणा तेल. २ मोठे कांदे उभे चिरून मंद आंचेवर १५-२० मिनिटं, गडद तपकिरी होईपर्यंत. ६ पाकळ्या लसूण. गॅस बंद. मधोमध स्टीलची वाटी, तिच्यात लालभडक निखारा, वर अर्धा चमचा तेल, आणि ताबडतोब घट्ट झाकण. ७ मिनिटं. मग वाटी काढा, २ छोटे चमचे धुरावलेली स्पॅनिश पाप्रिका त्या गरम तेलात ढवळा (गॅस बंदच, नाहीतर कडू होते) आणि लगेच पाणी.

खिडकी उघडी ठेवा, स्मोक अलार्म वाजतो. आणि ग्रिलसाठी मिळणारे झटपट पेटणारे कोळसे घेऊ नका, त्यांना पेट्रोलजन्य द्रव लावलेला असतो. साधा लाकडी कोळसा हवा.

---

खलबत्ता

यात मांसाची खोल चव आणायला ५-६ सुके शिताके मश्रूम पाण्यात टाका आणि अगदी शेवटी १ टेबलस्पून मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट). मिसो उकळू नये. मीठ मिसोनंतरच ठरवा. वाढपाच्या टेबलावर चिठ्ठी लावा: मिसोत सोयाबीन असतं, तेल शेंगदाण्याचं आहे, कुणाला चालत नसेल.

---

रानमेवा

पॉटलिकर हे नाव ऐकून काहींना ते मद्य वाटतं आणि वाटी नाकारतात. आधी समजावून सांगा!

---

झरोका (टोरोंटो)

हो, नावावरूनही वाद झालेत. १९८२मध्ये जॉर्जियाचे तेव्हाचे लेफ्टनंट गव्हर्नर झेल मिलर यांनी न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून शब्द 'पॉटलिकर' असा एकसंध आणि बोलीतल्या स्पेलिंगनंच (potlikker) लिहा असं बजावलं होतं. त्याआधी १९३१मध्ये लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटा कॉन्स्टिट्यूशन या वर्तमानपत्रात आठवडेच्या आठवडे जुंपली होती: मक्याचा ब्रेड पॉटलिकरमध्ये बुडवून खायचा की कुस्करून? लाँग बुडवणाऱ्यांच्या बाजूचे, संपादक कुस्करणाऱ्यांच्या. १९३५मध्ये सिनेटमध्ये १५ तासांवर लांबवलेल्या भाषणात लाँग यांनी पॉटलिकरची कृतीही सांगितली.

---

मांडवीकाठ (पणजी)

बुडवून की कुस्करून! म्हणजे भाकरी आणि कालवणाचाच वाद. कुस्करून, यात शंका कसली?

---

शेवगा (पुणे)

कुस्करून. +१

---

दगडफूल (श्रीनगरहून पुण्यात)

बुडवून. कडा कुरकुरीत राहते. पण मक्याचा ब्रेड इथल्या पिवळ्या मक्याच्या पिठानं गच्च बसतो, ते मैद्यासारखं बारीक असतं. निम्मा मक्याचा रवा घ्या. २ कप मिश्रणाला दीड कप ताक, २ अंडी, १ छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा सोडा, १ छोटा चमचा मीठ, ४ टेबलस्पून तूप किंवा लोणी. बिडाचा तवा ओव्हनमध्ये २२० अंशांवर तापवून, त्यात तूप फिरवून मग मिश्रण ओता, चर्र आवाज आला पाहिजे. २० मिनिटं.

---

निखारा (अटलांटा)

वाद गोड आहे, पण एक गोष्ट लिहावीशी वाटते. हॉक, मान, शेपूट हे तुकडे गुलामगिरीतल्या कुटुंबांच्या वाट्याला येत आणि कॉलर्ड त्यांच्या झोपडीमागच्या तुकड्यात वाढे. बी युरोपातून आलेलं, पण पाला रसासकट शिजवून जाडसर पिठाच्या पदार्थाबरोबर खायची रीत पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या माणसांची. कृष्णवर्णीयांच्या या स्वयंपाकाला 'सोल फूड' हे नाव १९६०च्या दशकात रूढ झालं, स्वयंपाक त्याच्या कितीतरी आधीचा. साउथ कॅरोलायनानं २०११मध्ये कॉलर्डला राज्यभाजी केलं. पॉटलकच्या चिठ्ठीवर 'अमेरिकन पालक' असं लिहू नका, कॉलर्ड ग्रीन्स असंच लिहा.

---

आंबटचुका

@निखारा, अगदी. जोडीला मिरचीचं व्हिनेगरही ठेवा: २५० मिलिच्या काचेच्या बाटलीत ८०-१०० ग्रॅम लवंगी मिरच्या, प्रत्येकीला सुईनं एक भोक, अर्धा छोटा चमचा मीठ, वर उकळतं पांढरं व्हिनेगर, मिरच्या पूर्ण बुडतील इतकं. गार झाली की फ्रिजमध्ये, आठवड्यानं तयार. ताटात दोन-चार थेंब.

आणि रक्त पातळ करणारं वॉर्फरिन घेणारं कुणी जेवायला असेल तर त्यांना भाजी कशाची ते आधी सांगा. कॉलर्डमध्ये 'के' जीवनसत्त्व भरपूर असतं, त्यांना प्रमाण सांभाळावं लागतं.

---

रानमेवा

इन्स्टंट पॉटमध्ये, म्हणजे विजेच्या प्रेशर कुकरमध्ये, होतं का?

---

खलबत्ता

होतं. हॉक सव्वा लिटर पाण्यात हाय प्रेशरला ४० मिनिटं. वाफ आटत नाही म्हणून पाणी निम्मंच. मग झाकण काढून 'सॉटे' (परतण्याच्या) बटणावर पानं थोडी थोडी टाकत खाली बसवा, आतल्या कमाल रेषेच्या वर जाऊ नका, पुन्हा झाकण लावून हाय प्रेशरला १५ मिनिटं. फक्त मधे चाखता येत नाही. पहिल्या खेपेला १२ मिनिटं लावून बघा, कमी पडलं तर उघड्यावर शिजवा. जास्त झालं तर इलाज नाही.

---

साळुंकी (शार्लट)

सगळ्यांचे आभार. दुरुस्त क्रम मांडते, चूक असेल तर सांगा.

टोमॅटो रद्द. व्हिनेगर शेवटी १ चमचा. टर्कीचा पंख आधी तासभर नुसत्या पाण्यात, तेल २ चमचे, मीठ त्यानंतर. शाकाहारी पातेल्यात: कांदा-लसूण, धुंगार, पाप्रिका, दीड लिटर पाणी, शिताके, अर्धा लिटर चवळीचं पाणी, अर्धा तास उकळून मगच पानं. मिसो आणि व्हिनेगर गॅस बंद केल्यावर.

आता शेवटचा प्रश्न. माणसं २५ आहेत. प्रमाण सरळ तिप्पट करू?

---

निखारा (अटलांटा)

पानं तिप्पट, ९-१० जुड्या. पण रस तिप्पट नको, अडीचपट बास, पानंही पाणी सोडतात. आणि एकाच मोठ्या पातेल्यात करू नका. तळाची पानं लगदा होतात तेव्हा वरची नुकतीच बसलेली असतात. तसंही मांसाहारी आणि शाकाहारी वेगळं करणारच आहात, तर दोन पातेली, दोन डाव, आणि डाव एकमेकांत जाऊ देऊ नका.

आदल्या दिवशी करा, मुरल्यावर भाजी चांगली लागते. मात्र मोठं पातेलं तसंच झाकून रात्रभर ओट्यावर नको. उथळ ट्रेंमध्ये पसरून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. व्हिनेगर आणि मिसो दुसऱ्या दिवशी गरम केल्यावर.

---

पितळी पातेलं

अॅल्युमिनियमच्या फॉइल ट्रेमध्ये ठेवणार असाल तर व्हिनेगर नंतर घालायचं हे आणखी एक कारण. काच किंवा स्टील असेल तर उत्तम.

आणि वाढताना भाजीच्या शेजारी रसाला वेगळा डाव आणि छोट्या वाट्या ठेवा. नाहीतर लोक झाऱ्यानं निथळून पानं घेतात आणि पॉटलिकर पातेल्यातच राहतो.